मित्र केमिकल कंपनीत होता, ब्लड कॅन्सरने गेला. आजार कामामुळेच झाला हे सिद्ध करता येतं का?

तुम्हाला हवं तसं सिद्ध होत नाही. कॅन्सरवर कंपनीचा शिक्का नसतो. पण डॉक्टर ‘सांगता येत नाही’ म्हणाले म्हणून तुम्ही गप्प बसणार असाल तर ते मला अजिबात पटणार नाही. तुमचा मित्र अंबरनाथला सॉल्व्हंटच्या, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांच्या, प्लँटमध्ये होता असं तुम्ही लिहिलंय. त्या सॉल्व्हंटमध्ये बेंझिन होतं का, एवढं आधी शोधा. बेंझिनने रक्ताचा कॅन्सर होतो यात आता वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते पहिल्या गटात टाकलंय. माणसाला कॅन्सर होतो हे ज्यांच्याबद्दल नक्की झालंय, अशा पदार्थांचा तो गट.

माझा मित्र मूत्राशयाच्या कॅन्सरने गेला. आम्ही काळाचौकीला एकाच चाळीत वाढलो. 82 च्या संपात त्याच्या वडिलांची गिरणी सुटली ती सुटलीच. थोरला भाऊ लग्न करून डोंबिवलीला निघून गेलेला. मग हा दहावी करून ठाणे-बेलापूर रोडवर एका रंगाच्या कारखान्यात लागला. कापडाचा रंग. काम पावडर खात्यात, म्हणजे ड्रममधून फावड्याने पावडर काढायची, वजन करायची, पिशव्या भरायच्या. तोंडाला स्वतःचाच रुमाल. ड्रमवर नुसते नंबर, आत काय आहे ते कुणी सांगायचं नाही. कंपनी रोज गुळाचा खडा द्यायची, का तर गुळाबरोबर धूळ पोटात उतरून जाते म्हणे. सगळी चाळ त्याला रंग्या म्हणायला लागली.

पाळी संपवून आला की निरमा आणि रॉकेल घेऊन नळावर बसायचा. कितीही घासलं तरी नखांच्या कडा लालच राहायच्या, आणि मोरीच्या कडाप्प्यावर लाल ओघळ. तेवढंच असतं तर म्हटलं असतं, अंगावरची धूळ आहे. पण रविवारी, घरी बसलेला असताना, कॅरम खेळताना घाम आला की धुतलेल्या पांढऱ्या बनियनला काखेत केशरी डाग उमटायचा. त्याची आई त्याच्या उशीचे अभ्रे वेगळे भिजवायची. लघवीलाही रंग यायचा. खात्यात सगळ्यांनाच यायचा, म्हणून कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

नव्वदच्या दशकात कारखाना बंद पडला आणि तो लालबागला एका टॉवरवर वॉचमन झाला. 2011 च्या सुमारास लघवीतून रक्त यायला लागलं. दुखत नव्हतं काहीच, आणि लाल लघवीची त्याला भीती कधीच नव्हती. कित्येक महिने बोललाच नाही. मग गल्लीतल्या डॉक्टरने इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या, थांबलं, परत आलं. सोनोग्राफी झाली तेव्हा गाठ बरीच पसरली होती. दुर्बिणीतून खरवडून झालं, मग मूत्राशयच काढलं, पोटाला पिशवी लागली. पिशवी शर्टाखाली दाबून तो गणपतीत मंडपात येऊन बसला होता. पुढच्या गणपतीला नव्हता.

त्याचा केसपेपर मी वाचलाय. व्यवसाय: वॉचमन. विडी: होय. बस. पावडर खात्यातल्या वर्षांबद्दल एक शब्द नाही, कारण आधी काय काम करायचा हे कुणी विचारलंच नाही. हे रोग पंधरा-वीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा वर येतात. तोवर माणसाची नोकरी बदललेली असते आणि कारखान्याच्या जागेवर गोडाऊन उभं असतं.

आणि ही काही नवी माहिती नाही. 1895 मध्ये फ्रँकफुर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी सापडल्याचं मांडलं होतं. पुढे बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन या रंगाच्या धंद्यातल्या रसायनांची नावं पक्की झाली. रंग्या जन्मायच्या कितीतरी आधी मालक लोकांना हे माहीत असायला हवं होतं. गुळाचे खडे वाटत होते.

बाराव्याला त्याचा थोरला भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, ‘विड्या फुंकल्या, भोगलं.’ आजही तेच म्हणतो. विडी ओढायचा, खरं आहे. विडी-सिगारेटने मूत्राशयाचा कॅन्सर होतो हेही शंभर टक्के खरं. पण तंबाखूच्या धुरात जी विषं असतात त्यात हेच बीटा-नॅफ्थिलअमाइन असतं! धुरात ते कणाकणाने असतं. रंगाच्या कारखान्यात अशी रसायनं ड्रमने यायची आणि फावड्याने उपसली जायची. दोन्हीचा भार एकाच शरीरावर पडला, तर हिशेब फक्त विडीच्या नावावर का?

भावाच्या त्या एका वाक्याने काय झालं ते ऐका. 1923 च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात तिसरं परिशिष्ट होतं, व्यवसायातून होणाऱ्या आजारांचं. त्यात मूत्राशयाच्या अस्तराचा कॅन्सर होता. बेंझिनचे आजारही होते, म्हणजे तुमच्या कामाचं. तसल्या धोक्याच्या कामात माणूस सलग सहा महिने असेल तर आजार कामामुळे झाला असं धरून चालायचं, आणि तसा नाही हे मालकाने दाखवायचं. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर दावा तिकडे. मी वहिनींना म्हटलं, अर्ज करू. भाऊ मध्ये पडला: ‘विडी ओढणाऱ्याच्या केसला कोर्ट हसेल, घराण्याची अब्रू जाईल.’ वहिनी दिराच्या शब्दाबाहेर गेल्या नाहीत. मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत होती, ती गेली. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकत होता, पण तोवर त्यांची उमेदच संपली होती.

म्हणून तुम्हाला सांगतो, घरातल्या मोठ्यांच्या होकाराची वाट बघू नका. त्याच्या बरोबरच्या दोघा-तिघांना भेटा. कुठल्या खात्यात, किती वर्षं, कुठला माल, ड्रमवर काय लिहिलेलं असायचं, सगळं लिहून घ्या आणि सह्या घ्या. पगाराची पावती, पीएफचा नंबर, गेटपास, काहीही चालेल. बायोप्सीचा आणि बोन मॅरोचा रिपोर्ट हॉस्पिटलातून मागून घ्या. हे कायदे आता 2020 च्या नव्या संहितांमध्ये गेलेत, त्यामुळे आजचं कलम आणि मुदत कामगार कोर्टातल्या वकिलाकडून पक्की करून घ्या. मी बेस्टमधून रिटायर झालेला माणूस आहे, वकील नाही. आणि मित्राच्या सॉल्व्हंटमध्ये बेंझिन नव्हतंच असं निघालं, तर तेही मान्य करा. प्रत्येक ब्लड कॅन्सर केमिकलनेच होतो असं नाही.

त्याच्याबरोबर काम केलेले जे आज हयात आहेत त्यांना आधी गाठा. तुमच्या प्लँटवाल्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करून घ्यावी. बेंझिनने रक्तातल्या पेशी कमी होतात, ते त्यात दिसतं. कुणी रंगाच्या कारखान्यातलं ओळखीचं असेल तर त्याला सांगा, लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, दुर्बिणीची तपासणी करून घे. लवकर सापडलं तर मूत्राशय वाचू शकतं. आणि केसपेपर काढताना आजची नोकरी सांगून थांबू नका म्हणावं, पहिल्यापासूनच्या सगळ्या लिहायला लावा.