पंचेचाळिशीत एव्हरेस्ट बेस कॅम्पची तयारी : जिम लावू की धावू?

तुम्ही लिहिलंय की वय 45, पुण्यात आयटीतली बैठी नोकरी, ऑक्टोबरमधल्या एव्हरेस्ट बेस कॅम्पचं बुकिंग झालंय आणि हातात पाच महिने आहेत. जिम लावायची की रोज पाच किलोमीटर धावायचं?

माझं मत विचाराल तर दोन्ही दुय्यम. पाठीवर सॅक घ्या आणि जिने चढा. आणि मुख्य म्हणजे उतरा. मीही पुण्याचाच आणि हा ट्रेक केलेला. चढणीचा धसका सगळेच घेतात, पण गुडघे बोलायला लागतात ते परतीच्या वाटेवर. बेस कॅम्पआधीचा शेवटचा मुक्काम म्हणजे 5164 मीटरवरचं गोरक्षेप. तिथून, ट्रेक जिथे सुरू होतो त्या 2860 मीटरवरच्या लुक्लाला बहुतेक गट तीन दिवसांत उतरतात. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलत असतात. या कामाची सवय सपाटीवर धावून लागत नाही.

तुमच्या हाताशी सिंहगड आहे. आतकरवाडीहून साधारण 600 मीटरची चढाई. ट्रेकच्या वाटेवर दूधकोसी नदीवरच्या उंच झुलत्या पुलापासून नामचे गावापर्यंतची चढणही जवळपास तेवढीच, फक्त ती तीन हजार मीटरच्या आसपास करायची असते. गडावर पिठलं-भाकरी खा, मडक्यातलं दही संपवा, पण जीपने खाली येऊ नका! निम्मे सिंहगडकर वर जाऊन खूश होतात आणि खऱ्या सरावाची वाट गाडीत बसून संपवतात. महिना-दीड महिना झाला की शनिवारी सिंहगड आणि रविवारी परत सिंहगड असं करा. पाय दुखत असताना पुन्हा चालायला लागणं, ट्रेकमध्ये रोज हेच असतं. सॅकमध्ये आधी तीन-चार किलो, मग हळूहळू सात-आठ. पावसाळ्यात वाट निसरडी झाली तर सोसायटीचे जिने आहेत, पर्वती आहे. वेग असा ठेवा की चढताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. घड्याळ लावून गड मारणाऱ्या पोरांच्या नादी लागू नका.

जिम लावलीच असेल तर स्क्वॅट, लंजेस आणि पाठ-पोटाचे व्यायाम आठवड्यातून दोनदा. बायसेप्स दूधकोसीच्या खोऱ्यात कुणी बघत नाही.

आता उंचीचं. कितीही दम कमावला तरी विरळ हवेचा त्रास चुकेलच असं नाही. बेस कॅम्प 5364 मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. उलट तगडी माणसं भराभर पुढे जातात आणि रात्री डोकं धरून बसतात. कळसूबाई जरूर करा, पण 1646 मीटरवर या गोष्टीची परीक्षा होत नाही. शरीराला सवय व्हायला तिथले मुक्कामच लागतात. म्हणून आजच कार्यक्रमपत्रिका काढून बघा : 3000 मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त चढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एकाच उंचीवर आणखी एक रात्र हवी. नामचे आणि डिंगबोचे इथे दोन-दोन मुक्काम असतील तर ठीक. एक दिवस वाचवायला त्यातला एखादा कापला असेल तर आयोजकांशी भांडा.

पंचेचाळिशी आहे, तेव्हा सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून बीपी, हिमोग्लोबिन, ईसीजी आणि त्यांना गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. उंचीचा त्रास टाळायला घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल तेव्हाच विचारा. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. वर गेल्यावर डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर पुढे चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर तडक खाली, रात्र असली तरी.

बूट मात्र आत्ताच घ्या, ऑक्टोबरची वाट बघू नका. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून दुकानात उतारावर उभे राहून बघा. बोटं पुढे टेकली तर अर्धा नंबर मोठा घ्या आणि तेच बूट घालून गड उतरा.