आयावास्का घ्यायला पेरूला जातोय. एस्सिटालोप्रॅम किती दिवस आधी बंद करू?

एस्सिटालोप्रॅम ही नैराश्यावरची गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका, आणि गोळी चालू असताना आयावास्काला हात लावू नका. तिकिटं काढलेली असली तरी हेच सांगेन.

आयावास्का हा काढा आहे; त्यात चाक्रुना या झुडपाच्या पानांतलं डीएमटी, म्हणजे भास घडवणारं द्रव्य, असतं. ते नुसतं प्यायलं तर आतड्यातलं आणि यकृतातलं एमएओ हे एन्झाइम त्याला निकामी करतं, म्हणून सोबत एक वेल उकळतात. तिच्यातलं हार्मिन त्या एन्झाइमलाच रोखतं. पण सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन मोडायचं कामही त्याच एन्झाइमचं. तुमची गोळी आधीच सेरोटोनिन वाढवतेय. दोन्ही एकत्र आलं की ताप, थरथर, ताठरलेले स्नायू, झटके. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात आणि त्यात जीव जाऊ शकतो.

'आठवडाभर सोडली की झालं' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फ्लुओक्सेटिन ही याच गटातली गोळी तर थांबवल्यावरही सुमारे 5 आठवडे शरीरात रेंगाळतं. गोळी एकदम तोडली तर चक्कर येऊ शकते, नैराश्य परत येऊ शकतं, ते वेगळंच.

बायपोलरसाठी देतात ते लिथियम आणि वेदनाशामक ट्रामाडॉलही आयावास्कासोबत धोक्याचे. कोरड्या खोकल्याच्या सिरपच्या बाटलीवर बारीक अक्षरांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिलंय का बघा, तेही चालत नाही. सर्दीच्या गोळीतल्या फिनाइलएफ्रिनने रक्तदाब भडकू शकतो.

सगळी औषधं, आयुर्वेदिक धरून, कागदावर लिहून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि कशासाठी विचारताय तेही खरं सांगा. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, तर कृपया जाऊच नका.