ऑपरेशनल स्टेटस ७ दिसला तर दोष खाली शोधा

तुमचा प्रश्न असा, की ट्रंकची (अनेक व्हीलॅन म्हणजे आभासी नेटवर्कं एकत्र नेणाऱ्या जोडणीची) फिजिकल लिंक पडली की तिच्यावरच्या सगळ्या व्हीलॅन इंटरफेसचे अलार्म एकदम येतात, एसएनएमपीत (नेटवर्क उपकरणांवर देखरेख ठेवायचा प्रोटोकॉल) त्यांचा ऑपरेशनल स्टेटस ७ दिसतो, लूपबॅकचा (उपकरणाचा स्वतःशीच बोलायचा आभासी इंटरफेस) कायम ४ असतो. यातला खरा बिघाड कोणता?

खरा बिघाड एकच, फिजिकल पोर्टचा. ७ म्हणजे ‘लोअर लेअर डाउन’: इंटरफेस स्वतः ठीक आहे, तो ज्याच्या आधारावर उभा आहे तो पडलाय. आरएफसी २८६३ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजातली यादी अशी: १ अप, २ डाउन, ३ टेस्टिंग, ४ अननोन, ५ डॉर्मंट, ६ नॉट प्रेझेंट, ७ लोअर लेअर डाउन. ‘१ नाही म्हणजे अलार्म’ असा नियम लावला की गोंधळ ठरलेलाच.

ऑपरेशनल स्टेटस (एसएनएमपीतला त्याचा क्रमांक १.३.६.१.२.१.२.२.१.८) कधीही एकटा वाचू नका, शेजारचा अ‍ॅडमिन स्टेटस (तोच क्रमांक, फक्त शेवटी ७) सोबत घ्या. अ‍ॅडमिन म्हणजे तुम्ही काय सांगितलंय, ऑपरेशनल म्हणजे प्रत्यक्षात काय चाललंय. अ‍ॅडमिन २ असताना ऑपरेशनल २ आला तर पोर्ट कोणीतरी मुद्दाम बंद ठेवलाय, त्यावर बोंब नको. अ‍ॅडमिन १ आणि ऑपरेशनल २ किंवा ६, हा अलार्म. ५ म्हणजे इंटरफेस बाहेरच्या घटनेची वाट बघतोय, लिनक्सवर ८०२.१एक्सची ओळखपडताळणी पूर्ण होईपर्यंत हाच दिसू शकतो. काही मिनिटं हलला नाही तरच बघा. ७ साठी अलार्म येऊ देऊ नका आणि इफ-स्टॅक टेबलवरून (कोणता इंटरफेस कोणावर उभा आहे त्याची यादी) खालचा इंटरफेस शोधा. मुळात लिंक अप-डाउन ट्रॅपची (उपकरण स्वतःहून पाठवतं ती सूचना) मूळ सेटिंगच अशी, की ज्यांच्या खाली दुसरा इंटरफेस नाही त्यांचेच ट्रॅप चालू. तुमच्याकडे सगळ्यांचे येत असतील तर बहुधा कोणीतरी ते सरसकट चालू केलेत.

लिनक्सवर ‘आयपी लिंक’च्या आउटपुटमध्ये कोनी कंसातला ‘अप’ हा अ‍ॅडमिन, ‘लोअर अप’ हा कॅरिअर (खालच्या लिंकचा सिग्नल) आणि ‘स्टेट’ हा ऑपरेशनल. लूपबॅकचा ड्रायव्हर ही अवस्था सांभाळतच नाही, म्हणून तिथे अननोन. तो सोडून द्या.

उलट बाजूची फसगत जास्त महागात पडते. ‘अप’ म्हणजे ट्रॅफिक जातोय असं नाही. स्पॅनिंग ट्रीने (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी यंत्रणा) ब्लॉक केलेला पोर्टही अपच दिसतो. दोन लिंकच्या लॅगमधली (अनेक लिंक एकत्र बांधून केलेली एकच जोडणी) एक पडली तरी लॅग अप राहतो, निम्मी क्षमता गेल्याचा पत्ता लागत नाही. म्हणून मेंबर पोर्टवर वेगळी नजर हवी.

दर ५ मिनिटांनी पोलिंग (उपकरणाला स्टेटस विचारणं) असेल तर २० सेकंदांचा फ्लॅप (लिंक पडून परत येणं) मधल्यामधे निसटतो. त्यासाठी इफ-लास्ट-चेंज (शेवटी ९) साठवा. हा अवस्था शेवटची बदलली त्या क्षणीचा, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलेला सिस-अपटाइम (उपकरण सुरू झाल्यापासूनचा वेळ) असतो: सिस-अपटाइम ८६४०००० आणि लास्ट-चेंज ८३७००००, म्हणजे फरक २७००००, अवस्था ४५ मिनिटांपूर्वी बदलली. दोन्ही वेळा स्टेटस १, पण लास्ट-चेंज वेगळा, की मध्ये लिंक पडून आली असं धरा. फक्त आधी सिस-अपटाइम मागे गेलाय का ते तपासा: उपकरण रीबूट झालं असेल, किंवा ३२ बिटांचा काउंटर साधारण ४९७ दिवसांनी शून्यावर आला असेल. रीबूटनंतर इफ-इंडेक्सही (इंटरफेसचा क्रमांक) बदलू शकतो, तेव्हा नोंदी इंडेक्सवर नाही, इफ-नेमवर (इंटरफेसचं नाव) बांधा.