कान खरा, कारण खोटं

प्रश्न : आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. डिसेंबरात तानसेन समारोहाला घरातले सगळे जातो. पुण्याचे माझे नणंदोई एका संगीत-समीक्षकाचे लेख नेमाने पाठवतात. त्याने लिहिलंय, ग्वाल्हेर गायकी आता शाळेतला पाठ झाली आहे. स्थायी-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन भाग, म्हणायचा, ताना मारायच्या आणि उठायचं, विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, यांना ठाऊकच नाही. एका गायिकेबद्दल तर ‘ही टाळ्यांसाठी गाते’ असं लिहून मोकळा झाला. वाचून अंगाचा तिळपापड होतो, आणि पुढचा लेख आला की आधी तोच उघडते. असं लिखाण वाचण्यात अर्थ आहे का? मुलगी पंधरा वर्षांची आहे, ख्याल शिकते. तिला हे वाचू द्यावं का?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, वाचा. फक्त त्याचं प्रत्येक वाक्य तोडून वाचा. त्याने काय ऐकलं ते एकीकडे ठेवा आणि ते तसं का झालं असं तो म्हणतो, ते दुसरीकडे. ऐकलेलं मोलाचं असू शकतं. कारण मात्र बहुतेक वेळा नुसता अंदाज असतो, आणि तो निकालाच्या थाटात लिहिलेला असतो.

मी आयुष्यभर संवादिनीची साथ केली. साथीदार गायकाच्या हातभर अंतरावर बसतो, त्यामुळे समोरच्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं. एका मैफलीत बुवांनी जयजयवंती राग फार सुंदर मांडला होता. स्थायी भरली, आता अंतऱ्याकडे वळणार, तेवढ्यात आयोजकांची चिठ्ठी आली : पाहुण्यांचा सत्कार आहे, आवरा. बुवांनी अंतरा एकदाच म्हटला, बोलआलाप, म्हणजे बंदिशीच्या शब्दांतून करायचा संथ विस्तार, सोडला आणि सरळ तानांवर आले. दुसऱ्या दिवशी छापून आलं, की अंतरा गुंडाळला, बुवांचा दम आता संपला. अंतरा गुंडाळला हे शंभर टक्के खरं होतं. सभागृहात फार थोड्यांच्या ते लक्षात आलं असेल, या माणसाच्या आलं. दमाची गोष्ट मात्र साफ खोटी. त्याच रात्री यजमानांच्या माडीवर बुवा पहाटेपर्यंत गात होते, मी साथीला होतो. तेव्हापासून असले लेख मी याच पद्धतीने वाचत आलो आहे.

आता दुसऱ्या टोकाची परीक्षणंही आठवा. समारोहाच्या दिवसांत आपण रोज वाचतो : अमुक यांनी यमन सादर केला, तबल्यावर तमुक, रसिक मंत्रमुग्ध झाले. यातून काय कळतं? ठेका कोणता होता, तीव्र मध्यमावर गायक किती थांबला, बंदिश कोणाची? काहीच नाही. अशा लेखाने कोणाचं वाकडं होत नाही आणि कोणाचा कानही तयार होत नाही. तुमचा समीक्षक निदान असं काहीतरी म्हणतो, जे तुम्ही ऐकून पडताळू शकता.

तर पडताळूनच पाहू. ‘ग्वाल्हेरला विलंबित ठाऊक नाही.’ आपल्याकडचा बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला ख्याल, तिलवाडा तालात असो की झुमरा तालात, लय अशी असते की ठेका हातावर धरता येतो. आधी स्थायी-अंतरा पुरता म्हणतात, म्हणजे रागाचा आणि बंदिशीचा आकार एकदम समोर येतो. मग बहलावे, बोलआलाप, लयकारी, बोलताना, सरळ सपाट ताना. लय याहून खाली गेली तर बंदिशीचे बोल सुटे होतात, म्हणून ती तिथे ठेवलेली आहे. अतिविलंबित रुजलं ते किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांच्या गाण्यातून, आणि पुढे आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांनी (१९१२–१९७४) झुमऱ्यात ते कुठल्या कुठे नेलं. अमीर खाँसाहेब पुष्कळदा अंतरा गातच नसत. मी त्यांचा भक्त आहे. पण त्यांची लय ही मोजपट्टी धरून ग्वाल्हेरचं गाणं मोजायचं असेल, तर ग्वाल्हेरची मोजपट्टी लावून खाँसाहेबांनी बंदिश अर्धीच ठेवली असंही म्हणावं लागेल. दोन्ही म्हणणी तितकीच निरुपयोगी. ग्वाल्हेर गायकीत ठहराव नाही असं त्याला म्हणायचं असेल, तर ग्वाल्हेरच्याच कृष्णराव पंडितांकडे शिकलेले शरच्चंद्र आरोलकर ऐका. तेच घराणं, आणि गाणं किती शांत, किती आत वळलेलं! मग मालिनी राजूरकरांचा एखादा टप्पा, म्हणजे झपाट्याच्या तानांनी भरलेला गानप्रकार, ऐका. एकाच गायकीत या दोन्ही गोष्टी मावतात, त्यामुळे तिला ‘पाठ’ म्हणणाऱ्याचं ऐकणं तरी अपुरं आहे, नाहीतर त्याला एकच ठरावीक गायक डोळ्यांसमोर दिसतो आहे.

तरीही त्याच्या टीकेत एक कण खरा आहे, आणि तो मला टोचतो. आपल्याकडे काही तरुण स्थायी-अंतरा खरोखर उरकतात. परीक्षेला बसल्यासारखा म्हणून टाकतात आणि तानांची वाट बघतात. हे आपण आपसांत बोलतो, छापत नाही. त्याने छापलं.

चिडवणारं लिहिणारे आपल्याकडे पूर्वीही होते, आणि त्यांचं आपण घेतलंही आहे. संगीतशास्त्रकार पं. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली, गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांत. त्यात गवयांच्या शास्त्रज्ञानाबद्दल जे लिहिलंय ते वाचून आजही काहींचं डोकं तापतं. पण त्यांनीच गावोगावच्या बंदिशी मिळवून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. आपल्या ग्वाल्हेरने त्यांच्याशी भांडण मांडलं नाही. १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय त्यांच्याच पद्धतीवर सुरू झालं, आणि घराण्याच्या तालमीतले राजाभैया पूछवाले त्यांच्याकडून स्वरलिपी शिकून पुढे तिथले प्राचार्य झाले. त्याच शहरात कृष्णराव पंडितांचं विद्यालय १९१४ पासून घराण्याच्या रीतीने शिकवत होतंच. पटलं तेवढं घेतलं, बाकीचं राहू दिलं.

वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ (१९६१) हे पुस्तक घरात असेल तर काढा, नसेल तर मिळवा. एका टोकाला स्वराचा किराणा, दुसऱ्या टोकाला लयीचा आग्रा आणि दोन्हींचा तोल साधणारं जयपूर, अशी मांडणी. स्वतः जयपूर घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले, तेव्हा पक्षपाताचा आरोप व्हायचाच. मलाही तिथे ग्वाल्हेरच्या वाट्याला यायला हवं तेवढं आलेलं वाटत नाही. पण त्यांनी पट्टी कुठली लावली ते उघड सांगितलंय, म्हणून त्यांच्याशी पानोपानी वाद घालता येतो. तुमच्या समीक्षकाकडे अशी पट्टी आहे का? चार लेख शेजारी ठेवून बघा. एका गायकात जो दोष, तोच आवडत्या गायकात गुण होत असेल, तर ते सरळ दिसेल.

जाणता माणूसही किती चुकू शकतो, त्याचं उदाहरण युरोपातलं देतो. व्हिएन्नाचा हान्सलिक हा त्या काळातला सर्वांत वजनदार समीक्षक. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची व्हायोलिनची रचना, १८८१ साली तिथे प्रथम वाजला, तेव्हा हे संगीत कानाला दुर्गंधी येईल असं आहे, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. आज ती रचना जगभरचे वादक वाजवतात. तरी संगीताचं सौंदर्य भावनेत शोधू नका, स्वरांच्या आकारांत शोधा, असं सांगणारं त्याचं १८५४ चं पुस्तक अभ्यासक अजून वाचतात. ज्याचा निकाल चुकला, त्याचा विचारही टाकाऊ ठरतो असं नाही.

राहिलं ‘टाळ्यांसाठी गाते’. हे वाक्य खुशाल सोडून द्या. एखाद्या बाईच्या मनात काय चाललंय ते तिसऱ्या रांगेत बसून कोणाला कळत नाही, आणि असं छापलेलं वाक्य तिला वर्षानुवर्षं चिकटतं. तिने तान सम सोडून पुढे नेली, द्रुत वेळेआधी धरली असं लिहिलं असतं, तर ते तपासता आलं असतं. अशी वाक्यं जर त्याच्या लेखात वाढत गेली आणि स्वर-लयीबद्दलची कमी होत गेली, तर नणंदोईंना सांगा, आता पाठवू नका.

मुलीच्या बाबतीत माझं मत थोडं कडक आहे. तिचा निदान एक बडा ख्याल तिलवाड्यात पक्का होईपर्यंत हे लेख तिच्या हाती देऊ नका. या वयात दुसऱ्याचं मत गळ्यात फार लवकर बसतं. गाताना तिच्या कानात गुरुजी असायला हवेत, समीक्षक नको. ख्याल बसला की लेख द्या, आणि ज्या गाण्याबद्दल लिहिलंय त्याचं ध्वनिमुद्रण मिळालं तर तेही लावा. तो म्हणतो ती जागा तिला शोधू द्या. सापडली नाही तर लेख गुरुजींना दाखवू द्या.

आणि या डिसेंबरात समारोहाला जाताना दोघीही वही न्या. राग, ठेका, बंदिशीचे पहिले शब्द, अंतरा पूर्ण म्हटला की नाही, कुठे अंगावर काटा आला, कुठे कंटाळा आला, एवढं तिथेच लिहून ठेवा. त्याचा लेख येईल तेव्हा वही उघडून मगच वाचायला घ्या.