टंच किती?

"मॅडम, पोरगी म्हणतीय शोधपत्रकार व्हायचंय, डॉक्युमेंट्री काढायचीय. पोट भरंल काय त्यात? आणि कुणी अंगावर गाडी घातली तर?"

हुपरीचे चांदी कारागीर. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या करिअर समुपदेशनाच्या खोलीत टेकता टेकताच बोलले. (तपशील थोडे बदललेत.) दुसरी भीती हवेतली नव्हती. फेब्रुवारी 2023 मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीनं उडवलं, ते गेले, खुनाचा गुन्हा दाखल झाला. ती बातमी त्यांच्या डोक्यात बसली होती. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात 2017 चा कायदा आहे, हे मी सांगितलं. पण कायदा हल्ल्यानंतर कामाला येतो, हेही सांगितलं.

पैशाचं मी सरळच बोलले. शोधपत्रकार म्हणून पहिली नोकरी सहसा मिळत नाही. आधी महापालिका, कोर्ट, पोलीस ठाणं अशा बातम्या करत हात बसवावा लागतो. डॉक्युमेंट्रीवाले तर बरेचदा संस्थांच्या माहितीपटांवर आणि एडिटिंगवर घर चालवतात. स्वतःची फिल्म उरलेल्या वेळात. मुलगी हे ऐकून माझ्यावरच रुसली.

कल चाचणीवर माझा फारसा भरवसा नाही. माणसाची आवड कंटाळ्यात तपासावी. म्हणून तिला काम दिलं: जयंती नाला पंचगंगेला मिळतो, त्यातून किती सांडपाणी प्रक्रियेविना जातं, एवढाच माहिती अधिकाराचा अर्ज कर. 10 रुपयांचा स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत. तोवर नाल्यावर जाऊन मोबाईलवर रोज पाच मिनिटं चित्रीकरण.

दीड महिन्यानं दोघं आले. चित्रीकरण अकरा दिवसांचंच. बाराव्या दिवशी कंटाळा आला, असं तिनं कबूल केलं. मला ते आवडलं. उत्तराचा कागद मात्र वडिलांच्या खिशात होता.

"चांदी आली की आम्ही आधी टंच बघतो, म्हंजे ती किती शुद्ध हाय ते," ते म्हणाले. "ह्यात महिन्याची सरासरी दिलीय. मोजलं कुणी, कुठं उभारून, पावसाळ्यात का उन्हाळ्यात, कायच न्हाई. मग ह्याचा टंच किती धरायचा?"

मुलगी बापाकडं बघतच राहिली. हा प्रश्न तिच्या अर्जात नव्हता, खरं तर माझ्याही डोक्यात नव्हता.

"पप्पा, मग अपील करावं लागंल."

"कर की. त्याला स्टॅम्प कितीचा?"

"वीस रुपयांचा," मी म्हटलं.