विहिरीतलं कासव घरी ठेवलंय, आता काय करू?

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढताना कासव सापडलं. मुलांच्या हट्टापायी हौदात ठेवलं. पाठ मऊ आहे, पाय आत ओढले की मागच्या पायांवर झडपा बसतात. मुलानं रील टाकली, तेव्हापासून एक जण 'वीस नखी असेल तर लाखात घेतो' म्हणून मागे लागलाय. शेजारी तक्रार करतो म्हणतोय. रात्री तलावात सोडून मोकळं व्हावं का?
– एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

उत्तर : सोडू नका. रील लोकांनी पाहिली आहे. आता कासव गायब झालं तर पुरावा नष्ट केला असंच म्हटलं जाईल. रीलही डिलीट करू नका.

वर्णनावरून हे झडपांचं कासव दिसतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीत. नुसतं पकडणं हीसुद्धा शिकारच. शिक्षा 3 ते 7 वर्षं, दंड किमान 25 हजार, आणि पैसे भरून तडजोड करण्याची सोय नाही. कलम 39 प्रमाणे असा प्राणी हाती लागल्यास 48 तासांत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. तुमची मुदत कधीच गेली. 'मुलांसाठी ठेवलं' हा बचाव होत नाही. ताबा कायदेशीर होता हे कलम 57 मुळे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल.

म्हणून आजच वकील गाठा, त्याच्याकडून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहून घ्या : कुठे, केव्हा, कसं सापडलं, खरं तेच. मग वनविभागाच्या 1926 वर फोन करून कर्मचाऱ्यांना घरी बोलवा. कासव स्वतः गाडीत घालून नेऊ नका, नाक्यावर अडवलं तर तस्करी वाटेल. अर्जाची पोच आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. आपणहून दिलं की गुन्हा माफ, असं कायद्यात कुठेही नाही. तसं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. पण हेतू दाखवायला याहून चांगला कागद तुमच्याकडे नसेल. अटकपूर्व जामिनाचंही त्याच वकिलाशी बोलून ठेवा.

राहिला तो नखं मोजणारा. या कासवाला पायागणिक तीनच नखं, म्हणजे बारा. पैशांचा पाऊस पाडणाऱ्या असल्या थापा, मांस आणि पाळण्याची हौस यांपायी ही जात आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'असुरक्षित' गटात गेली आहे. त्याला एक रुपयाचाही भाव सांगू नका, नाहीतर हौसेचं प्रकरण व्यापाराचं होईल. त्याचे मेसेज जपा आणि अर्जासोबत द्या.

शेजाऱ्याशी भांडू नका. त्याच्या तक्रारीआधी तुमचा अर्ज पोचला पाहिजे, एवढंच बघा.