नाकपुड्या आधी बघ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पग कुत्रीसाठी, चिंगीसाठी स्टड, म्हणजे मेटिंगचा नर ठरलाय, त्याचे केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) कागद आहेत आणि पिल्लांना आत्तापासून गिऱ्हाईक आहे, असं तू लिहिलंस. माझं मत विचारलंस म्हणून सरळ सांगतो: हे मेटिंग करू नकोस. रागावलीस तरी पुढचं वाच.

मागच्या मे महिन्यात तू तिला उपवन तलावावर आणलं होतंस. तलावाची अर्धी फेरीही झाली नाही तोच ती फतकल मारून बसली. तू म्हणालीस, ‘काका, आळशी आहे हो.’ मी तिच्या नाकपुड्या बघत होतो. भोकं हवीत तिथे दोन चिरा, आणि श्वास आत ओढताना त्याही मिटत होत्या. ती तोंडात चेंडू धरून झोपते त्याचं रील तू मला पाठवलंस. अगं, चेंडूमुळे तोंड उघडं राहतं आणि झोपेत हवा मिळते, म्हणून धरते ती!

विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःच्या चित्रात आपला पग रंगवलाय. शोधून बघ. त्याला चांगलं पुढे आलेलं नाक आहे. १८५९ पासून इंग्लंडात श्वानप्रदर्शनं सुरू झाली, दिसण्याला बक्षिसं मिळू लागली, आणि चपट्या तोंडाची जोडी पुन्हा पुन्हा निवडली गेली. हाड आखडलं, पण जीभ आणि मऊ टाळू त्या मानाने आखडले नाहीत. वाड्यातलं सगळं सामान घोडबंदरच्या वन आरकेत कोंबावं, तशी गत. त्यात कुत्र्याला घाम जवळजवळ नाहीच, धापा टाकूनच ते अंग गार करतं. आपल्या ठाण्याच्या दमट हवेत ओल लवकर उडत नाही, मग चिंगीने करायचं काय?

रूप निवडताना सोबत काय आलं, ते पुष्कळदा कळतही नाही. डाल्मेशियनचे ठिपके सगळ्यांना आवडले. त्या जातीत मात्र युरिक ॲसिडचा दोष घट्ट बसला आणि नरांना मूतखडे होऊ लागले. १९७३ साली रॉबर्ट शायबल या अमेरिकन जनुकतज्ज्ञाने डाल्मेशियनचा एका पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला, पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. ठिपके राहिले, दोष गेला. तरी शुद्ध रक्तवाल्यांनी कित्येक वर्षं नाकं मुरडली. (ज्यांची नाकं शाबूत, त्यांना मुरडणं सोपं.)

आपल्याकडच्या कारवानी या शिकारी कुत्र्याकडे बघ. सशामागे धावेल तो कुत्रा शेतकऱ्याने राखला. माणसाने निवड तिथेही केलीच, फक्त दम लागणाऱ्याचा तिथे निभाव नव्हता.

आता माझी चूक. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला नौपाड्यातल्या एका घरच्या पग मादीचं मेटिंग मीच जुळवून दिलं. नर तिच्याच आजोळचा निघाला. कागद बघितले होते, नावं वाचली नव्हती. पिल्लांची डोकी मोठी, मादीची कंबर अरुंद, रात्री सिझेरियन करावं लागलं. चारातल्या एका पिल्लाचा टाळू फाटलेला होता. ड्रॉपरने पाजलेलं दूध त्याच्या नाकातून बाहेर यायचं. त्या घरातली आजी कापसाने ते टिपत राहिली, दोन दिवस. ती फी मी घेतली नाही, पण त्याने काय होतंय?

राज्य पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय ब्रीडिंगचा धंदा करता येत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. तुझ्या त्या स्टडवाल्याला नोंदणीचा दाखला माग आणि काय म्हणतो ते कळव.

रविवारी सकाळी सातच्या आत चिंगीला घेऊन ये. गळ्यात पट्टा नको, हार्नेस घाल. तीन मिनिटं दुडकत चालवू, मग घशावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज तुलाच ऐकवतो. नाकपुड्या रुंद करण्याची शस्त्रक्रिया होते, आणि त्याच भुलीत नसबंदीही उरकता येईल. येताना तिचं वजन करून आण. मला ती जरा जड वाटली होती.

तुझा,
डॉक्टरकाका